मुक्कामाची गाडी

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तालुक्याच्या स्टँडवरून शेवटची गाडी निघते. फलाटावर तिची वाट पाहणारे बहुतेक जण एकमेकांना चेहऱ्याने तरी ओळखत असतात. दवाखान्याचं काम उरकून निघालेलं जोडपं, कोर्टाची तारीख घेऊन परतणारा शेतकरी, खताचं पोतं कुठेतरी कोंबू द्या म्हणून कंडक्टरच्या मागे लागलेला एखादा जण. डबल बेल वाजते, गाडी वाड्या-वस्त्यांवर थांबत शेवटच्या गावाला पोचते आणि रात्री तिथेच राहते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या पडवीत, नाहीतर गाडीतल्याच बाकांवर पथारी टाकतात. कंडक्टरच्या उशाशी दिवसभराच्या भरण्याची पिशवी आणि वेबिल असतं. पहाटे थंड पडलेलं इंजिन घरघरायला लागलं की आसपासच्या घरांत चुली पेटतात. घड्याळ नसलेल्या काळात कित्येक गावांचा गजर तोच होता. सहा-साडेसहाला हीच गाडी फिरून तालुक्याला निघते.

आगाराच्या वेळापत्रकात ही एक साधी फेरी असते. संध्याकाळी रिकामं परत येणं आणि सकाळी पुन्हा रिकामं जाणं, हे दोन्ही वाचतं, एवढंच तिचं गणित. पण महाराष्ट्रासारख्या अवाढव्य राज्यात शहर आणि खेडं यांच्यातलं अंतर कमी करायला या फेरीने जे केलं, ते मोठमोठ्या योजनांना जमलं नाही. बाकीची वाहतूक शहरातून निघते आणि खेड्यापर्यंत पोचली तर पोचते. मुक्कामाची गाडी मात्र खेड्यातून सुटते. सकाळी साडेसातची शाळा, दहाची कचेरी, अकराचं कोर्ट गाठायचं तर मुळात गाडी गावात उभी हवी, हे ज्याने कुणी पहिल्यांदा ओळखलं त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

आगगाडीला हे जमण्यासारखं नव्हतं. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे आणि १८६३ मध्ये बोरघाट पार करणारी रेल्वे आली ती कापूस, लष्कर आणि बंदर यांची गरज पाहून. जी गावं तिच्या रुळांवर पडली त्यांचं नशीब उघडलं. बाकीची बैलगाडीच्या चाकोरीतच राहिली. कोकणात तर रेल्वेच नव्हती. तिथला आधार होता किनाऱ्यावरच्या बोटींचा, आणि पावसाळ्यात ती वाहतूकही बरीचशी बंद पडायची. समुद्राची सावली केवढी होती हे १७ जुलै १९४७ ला कळलं. गटारी अमावास्येच्या त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

रस्त्यावर होत्या त्या सर्व्हिस मोटारी. पहिल्या महायुद्धानंतर कुणी सावकाराने, कुणी हौशी जमीनदाराने एखादी मोटार घेतली आणि धंदा सुरू झाला. या मोटारी भरल्या की सुटत, आणि भरल्या म्हणजे किती हे मालक ठरवी. दोघे मालक एकाच रस्त्यावर असले तर भाडं पाडून एकमेकांना बुडवायची चुरस लागे. हा कारभार इतका पसरला होता की धनंजयराव गाडगीळांनी ल. वि. गोगटे यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची रीतसर पाहणी केली, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने ती १९३५ मध्ये पुस्तकरूपाने काढली. पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या उभारणीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, त्या अर्थतज्ज्ञाला मोटारीचा धंदा अभ्यासावासा वाटला, यातच सगळं आलं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थोडी शिस्त आली. पण जिथे प्रवासी कमी तिथे मोटार कशाला जाईल, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता.

मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना सरकारने स्वतःच गाड्या चालवायचं ठरवलं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या गाद्यांची बेडफर्ड. आज एसटी म्हटलं की लाल रंग डोळ्यांपुढे येतो, पण ती गाडी निळी होती आणि तिचं टप चंदेरी. स्टिअरिंगवर किसन राऊत होते, तिकिटं फाडायला लक्ष्मण केवटे. खासगी मोटारवाल्यांच्या पोटावर पाय येणार हे उघड होतं, म्हणून गाडीला पोलिसांची सोबत दिली गेली, अशी आठवण या पहिल्या दिवसाबद्दल सांगितली जाते. वाटेतल्या गावांतून मात्र लोक ती पाहायला रस्त्यावर आले होते.

पुढची दहा-बारा वर्षं जोडाजोडीची. १९५० मध्ये केंद्राने रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ पासूनच सरकारी बस चालवली होती, नागपूरकडे वेगळी सेवा होती. तीन राजवटींच्या तीन पद्धती, तीन तऱ्हेच्या गाड्या आणि तीन ठिकाणचे कर्मचारी एका वेळापत्रकात बसवावे लागले. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं आणि उरलं ते महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथल्या कार्यशाळांत गाड्यांचे सांगाडे बांधले जाऊ लागले. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास सभा-मोर्चांतून सांगितला जातो. तो या कार्यशाळांतूनही सांगता येईल, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

‘रस्ता तिथे एसटी’ ही घोषणा ऐकायला छान, पण रस्ता होता कुठे? तो आला दुष्काळातून. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध यांच्या जोडीला गावोगावचे कच्चे रस्ते या कामांतून झाले. ज्या बाईने खडी टाकली, तिची मुलगी त्याच रस्त्याने एसटीत बसून हायस्कूलला गेली, असं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत घडलं. रस्ता झाला की सरपंच आगारात अर्ज घेऊन हजर, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, आणि त्यात एकच मागणी: गाडी नुसती येऊन जाऊ नये, मुक्कामी असावी.

गाडीबरोबर काय काय गेलं, याची यादी कुठल्या अहवालात सापडणार नाही. टपालाची थैली गेली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे गेले आणि पुण्या-मुंबईच्या बातम्या त्याच दिवशी पारावर वाचल्या जाऊ लागल्या. आणि गेला डबा. तालुक्याला किंवा जिल्ह्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांसाठी आई भल्या पहाटे भाकरी थापायची, कोरड्यास वेगळ्या वाटीत भरायची, डबा फडक्यात गच्च बांधून त्यावर नाव लिहायची आणि कंडक्टरच्या हातात द्यायची. सीटखाली असे आठ-दहा डबे एकमेकांवर आदळत शहराला पोचत. स्टँडवर पोरं वाट पाहत उभी असत. संध्याकाळच्या गाडीने रिकामे डबे परत. कधी त्यात फीचे पैसे हवेत म्हणून चिठ्ठी, कधी नुसताच निरोप: परीक्षा सोमवारपासून. या कामाचं तिकीट नव्हतं, पावती नव्हती, आणि नियमात बसवायचं म्हटलं असतं तर बसलंही नसतं. कंडक्टर ते करत राहिले. आज जे साठीच्या पुढचे शिक्षक, तहसीलदार, डॉक्टर खेड्यातून आलेले आहेत, त्यांना डब्याबद्दल विचारून पाहावं.

मुलींची गोष्ट निराळी. मुलगा सायकलने किंवा चालत दुसऱ्या गावी जाई, मुलीला घरचे सोडत नसत. गाडी आली तशी सातवीनंतर घरी बसणारी मुलगी दहावीपर्यंत पोचू लागली. कारण गाडीत ओळखीचा कंडक्टर होता आणि गाडी दाराशी सुटत होती. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मुलींना मोफत पास मिळाला. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांसाठी खास मुलींच्या शाळेच्या वेळा धरून गाड्या दिल्या गेल्या. त्या गाड्यांचा रंगही निळा.

हा प्रवास एकमार्गी नव्हता. मुंबईचा चाकरमानी गावाशी बांधलेला राहिला तो मनीऑर्डरीने आणि गणपतीने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तरी एसटीची गणपतीची गर्दी हटली नाही, कारण स्टेशनवर उतरल्यावर वाडीपर्यंतचं अंतर उरतंच. त्यावर एसटीने काढलेला तोडगा फार नामी आहे. एका चाळीतले, एका कॉलनीतले, एकाच पंचक्रोशीचे लोक मिळून ग्रुप बुकिंग करतात. गाडी डोंबिवलीच्या, नालासोपाऱ्याच्या, भांडुपच्या गल्लीपाशी येते, मखराचं सामान, फराळाचे डबे, झोपाळलेली पोरं घेते आणि थेट गुहागर नाहीतर राजापूर तालुक्यातल्या वाडीच्या फाट्यावर उतरवते. ना दादर, ना मुंबई सेंट्रल, ना बदली गाडी. अशा हंगामात चार हजारांहून जास्त जादा गाड्या लागतात. उपनगर आणि वाडी यांच्यामध्ये शहर लागतच नाही!

उपनगरांना एसटीची खरी किंमत कळली ती मात्र २०२० च्या टाळेबंदीत. लोकल बंद पडली तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना विरार, बदलापूर, आसनगाव, पनवेलहून मुंबईत आणणाऱ्या गाड्या याच होत्या. त्यातल्या अनेक गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर दूरच्या आगारांतून आलेले होते. ज्यांना मुंबईचे रस्ते पाठ नव्हते ते लोक मुंबई चालती ठेवत होते.

या जाळ्याला भोकं पडली ती बाहेरूनही आणि आतूनही. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर ‘एशियाड’ गाड्या आल्या, मग शिवनेरी, मग शिवशाही. शहरा-शहरांमधला प्रवास आरामशीर झाला. साध्या गाडीकडे लक्ष कमी झालं. नव्वदच्या दशकापासून पश्चिम महाराष्ट्रात वडाप आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी जीप धावू लागली. तिला वेळापत्रक नाही, ती भरली की सुटते. गाडगीळ-गोगट्यांनी पाहिलेली सर्व्हिस मोटारच जणू डिझेलवर परत आली. भरल्या मार्गावरचे प्रवासी तिने उचलले आणि तोट्याचं शेवटचं गाव एसटीच्या वाट्याला ठेवलं.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला महामंडळाच्या राज्य सरकारातल्या विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तुटपुंजा आणि रखडणारा पगार, त्यातून झालेल्या आत्महत्या, हे सगळं त्यामागे होतं. उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत तो ताणला गेला. वेळ अशी, की करोनानंतर ग्रामीण शाळा त्याच ऑक्टोबरात पुन्हा उघडल्या होत्या. शाळा उघडली आणि गाडी थांबली. शहरातल्या वर्तमानपत्रांत संपाची बातमी न्यायालय आणि आझाद मैदान यांच्याभोवती फिरली. आठवी-नववीतल्या ज्या मुली त्या वर्षी घरी राहिल्या, त्या बातमीत क्वचितच आल्या.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं आणि गाड्यांमधली गर्दी बदलली. माहेर, बाजार, बँक, बचत गटाची बैठक, अशा कामांसाठी बायका एकेकट्या निघू लागल्या. गाड्या मात्र जुन्या आणि कमी. भंगारात निघालेल्या गाड्यांच्या जागी नव्या वेळेवर आल्या नाहीत, तशी पहिली कुऱ्हाड पडली ती मुक्कामाच्या फेऱ्यांवर. ड्रायव्हर-कंडक्टरांचीही तक्रार रास्तच होती. मुक्कामाच्या गावी धड संडास नाही, झोपायला खोली नाही, रात्री साप-विंचवाची भीती. पूर्वी गावातल्या कुणाच्या तरी घरून ताट यायचं, आता येतंच असं नाही.

आता विजेवरच्या गाड्या येताहेत. पहिली ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुण्या-नगरच्याच रस्त्यावर धावली आणि पुढे ५,१५० गाड्यांचा करार झाला. त्यांच्या चार्जिंगची सोय आगारांत उभी राहते आहे. रात्री चार्जिंगला लावायची गाडी रात्री आगारातच हवी. म्हणजे शेवटच्या गावात डिझेलची जुनी गाडी ठेवायची, गावात चार्जिंगची जोडणी द्यायची, की पहाटे तालुक्याहून रिकामी गाडी पाठवायची, हा हिशेब आगार व्यवस्थापकांना एकेका गावासाठी वेगळा मांडावा लागणार आहे. ग्रामपंचायतींचे ठराव अजून येतच आहेत, आणि त्यांतली मागणी पन्नास वर्षांपूर्वीचीच आहे.