आकडा येतो कोठून? संशोधनासाठी माहिती-संकलनाच्या पद्धती

निफाड : नाशिक जिल्ह्यात थंडी वाढली, की वृत्तपत्रांत निफाडचा पारा झळकतो. हा आकडा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील असतो. माहिती-संकलनाची ही सर्वांत जुनी पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत साधारण छातीच्या उंचीवर असतो आणि त्याचे वाचन ठरलेल्या वेळीच होते. द्राक्षबागेत वेलीला टांगलेला तापमापक वेगळा आकडा दाखवील. तो खोटा नसतो. पण दोन्हींची तुलना करता येत नाही.

दुसरी पद्धत प्रयोगाची. निफाडच्या केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे गव्हाचे वाण दिले. अशा वाणांची चाचणी घेताना एकाच शेतात अनेक वाफे पाडून प्रत्येक वाणाची पुनरावृत्ती करतात. कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल, हे सोडतीप्रमाणे ठरते. अन्यथा कसदार कोपरा मिळालेला वाण उगाच सरस ठरेल. कडेच्या ओळी मोजणीतून वगळतात, कारण त्यांना ऊन व मोकळी जागा जास्त मिळते.

कडेचाच प्रश्न नमुना पाहणीतही येतो. गावातील प्रत्येक शेताचा गहू मोजणे अशक्य. म्हणून पीक कापणी प्रयोगासाठी गाव, गट आणि शेतातील तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडला जातो. या पद्धतीच्या जडणघडणीत सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) यांचा मोठा वाटा आहे. अगदी लहान तुकडा कापला, तर उत्पन्न फुगलेले दिसते, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. सीमेवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका या चुकीचा भार अधिक. या मुद्द्यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद गाजला.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत क्षेत्राचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. सरासरी फुगली, तर भरपाई घटते. तुकडा आखणाऱ्याची दोरी सैल पडली, तरी त्याची किंमत शेतकरीच मोजतो. शेतकऱ्यांनी कापणीच्या वेळी बांधावर हजर राहावे, ते यासाठीच.

प्रश्नावली आणि मुलाखत या पद्धती सोप्या वाटतात, पण त्यांत स्मरणशक्ती दगा देते. गेल्या हंगामात मजुरीवर किती खर्च झाला, असे विचारल्यास गोल आकडा मिळतो. वही समोर ठेवून विचारल्यास खरा.

उरली दुय्यम माहिती, म्हणजे इतरांनी नोंदविलेली. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे किमान, कमाल व सरासरी दर विद्यार्थी प्रबंधांत सर्रास वापरतात. भावाचा कल पाहण्यास ते उत्तम. मात्र हा दर लिलावातील विकलेल्या मालाचा असतो. चाळीत सडलेला कांदा, काढणीची मजुरी आणि वाहतूक त्यात कोठेच दिसत नाही. कांदा उत्पादकाचे उत्पन्न हा प्रबंधाचा विषय असेल, तर बाजार समितीच्या तक्त्यासोबत शेतकऱ्याची हिशेबपट्टीही पाहावी लागते.