हाताला कळलेला बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पांढुर्णा-सौंसरकडच्या शेतकऱ्याच्या घरी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद-तूप चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि बैलाला सांगायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ घरातली लहान पोरेही यात हात घालतात. कुठे चोळले की बैल मान लांबवतो, कुठे बोट लागले की कातडी थरथरवतो, हे त्यांच्या तळव्याला कळत जाते. दिव्यांग विद्यार्थ्यांना जनावरांच्या सहवासात, असाच प्रत्यक्ष हात लावून शिकवण्याची कुळकथा सांगताना लोक बहुधा युरोप-अमेरिकेतून सुरुवात करतात. या मुलखाला मात्र त्या कथेत आपली स्वतःची पाने आहेत.

हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर त्यात आले. सण मात्र विदर्भाचेच राहिले. बैलही इथलाच: वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत आढळणारा पांढरा, चपळ गवळाऊ. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगरवाटांनी झपाट्याने नेता यावे म्हणून ही जात जोपासली गेली, असे मानले जाते.

मोठ्या बैलांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहानांचा तान्हा पोळा भरतो. त्याची सुरुवात नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये केली, असे सांगतात. मुलांनाही बैलाचे मोल कळावे म्हणून त्यांनी लाकडी बैल करवून घेतले. आजही विदर्भात आणि या सीमाभागात मुले चाकांचा लाकडी नंदी सजवून दोरीने ओढतात, घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. योगायोग असा की त्याच १८०६ मध्ये बर्लिनला योहान ऑगस्ट त्सॉयने याने अंधांसाठी शाळा काढली. डोळ्यांनी दिसत नाही ते बोटांना दिसावे म्हणून त्याने उठावाचे पृथ्वीगोल तयार केले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मोठी वस्तू लहान करून मुलाच्या हातात देण्याची कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

अंध मुलाला शिकवणाऱ्यांची एक जुनी अडचण आहे. बोटांना एका वेळी तुकडाच कळतो. उभ्या बैलाला चाचपणाऱ्या मुलाच्या हाती आधी शिंग येते, मग गळ्याखालची पोळी, मग शेपटी. हे सगळे मिळून एक जनावर कसे होते, हे जुळवायला त्याला ओंजळीत मावणारा पूर्ण आकार लागतो. नुसता लाकडी बैल दिला, तर बैल वीतभर असतो असा समज होईल. ऊब, श्वास, वास आणि उंची फक्त जित्या जनावराकडूनच कळते. म्हणजे दोन्ही हवेत, आणि एकापाठोपाठ हवेत. पोळा आणि तान्हा पोळा हे एकामागून एक येणारे दोन दिवस नेमके हेच देतात. याहून चांगला पाठ कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला सुचला नसता.

इंग्लंडमध्ये हे काम एका संग्रहालयाने केले. संडरलंडच्या संग्रहालयातील चार्लटन डीस यांनी १९१३ मध्ये तिथल्या अंधशाळेच्या मुलांना बोलावले. एरवी ज्यांना हात लावायची बंदी असते ते पेंढा भरलेले प्राणी आणि सांगाडे त्यांनी मुलांपुढे ठेवले. पुढे मोठ्या अंध माणसांनाही हे दालन खुले झाले.

शरीराच्या बाजूची वाट घोड्याने दाखवली. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागत असतानाही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक जिंकले. चालत्या घोड्याच्या पाठीचा हेलकावा माणसाच्या कमरेच्या चालीशी जुळतो, म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या व्यायामात त्याचा उपयोग होतो. मनाच्या बाजूने आला तो कुत्रा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीत असताना एक अबोल मुलगा योगायोगाने वेळेआधी आला आणि कुत्र्याशी रमला. लेव्हिन्सन यांनी १९६१ मध्ये हा अनुभव मांडला, तेव्हा अनेक सहकारी हसले. आज मीनल कविश्वर यांनी सुरू केलेली ॲनिमल एंजल्स फाउंडेशन प्रशिक्षित कुत्रे घेऊन विशेष मुलांमध्ये काम करते.

पण विदर्भाला सगळ्यात जवळचे उदाहरण वरोऱ्याचे आहे. १९५१ मध्ये बाबा आमटे आनंदवनात राहायला आले, तेव्हा त्यांच्या कुटुंबासोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते. कुष्ठरोगात नसा बिघडून हाताची संवेदना जाते. असे हात तिथे शेतीत आणि गोठ्यात कामाला लागले. पुढे तिथेच अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. ‘उपचार’ असे नाव कोणी दिले नाही, पण जनावराची निगा राखणारा माणूस फक्त दयेचा विषय राहत नाही, हे आनंदवनाने दाखवून दिले.

जनावर अपंगत्व घालवत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवे. ते शिकवते ते असे: हळू हात लावणे, वाट पाहणे, समोरच्याला नको असेल तर थांबणे. त्यासाठी बैल वयस्क आणि शांत हवा, कासरा त्याच्या नेहमीच्या माणसाच्या हाती हवा, मुलाने आवाज देत, बैलाला दिसेल अशा बाजूने जवळ जावे आणि नंतर हात धुवावेत. घाबरलेल्या मुलाला पुढे ढकलू नये. गर्दी आणि डफड्यांचा दणदणाट ऑटिझम असलेल्या मुलांना सोसत नाही. पांढुर्ण्यात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. म्हणून इथे जित्या बैलाच्या ओळखीला खांदमळणीची शांत संध्याकाळच योग्य.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या तान्हा पोळा मंडळांनी तो यंदापासून पाळावा: व्हीलचेअर जाईल अशी वाट ठेवावी, अंध मुलांना प्रत्येक नंदी हाताने पाहू द्यावा आणि गावातल्या एकाही दिव्यांग मुलाला बोजाऱ्यावाचून घरी बसू देऊ नये.