पानदानाचा खर्च

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत पितळी पानदानं अजूनही मिळतात. मात्र घेणारे बहुतेक पान खाणारे नसतात. कुणी त्यात चहाच्या पुड्या ठेवतं, कुणी कानातले, कुणी दिवाणखान्यात नुसतंच मांडून ठेवतं. पाहुण्यांचे हात धुवायची चिलमची आता हॉटेलच्या दारात असते. तिच्यात पाणी, पाण्यावर पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या. सीनी, म्हणजे ज्या मोठ्या ताटाभोवती चौघं-पाचजण मिळून जेवत, ती भिंतीवर टांगलेली दिसते. एका वलीम्यात तर स्वागताच्या टेबलावर मी उगालदानात निशिगंध खोचलेला पाहिला. माझ्या शेजारच्या खाला तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. उगालदान म्हणजे पीकदाणी, हे यजमानांना सांगायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

आपल्यातल्या काहींना या सगळ्याचा राग येतो. पूर्वजांच्या तहजीबची थट्टा चालली आहे असं वाटतं. मला तसं वाटत नाही. वस्तूंनी काम बदलणं ही या दख्खनेत फार जुनी गोष्ट आहे. हुक्क्याचंच बघा.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली आणि आदिलशाही विजापूरच्या दरबारात रुळली. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि ती ओढायचं सजवलेलं साहित्य बादशहासाठी नेलं. बादशहाने ओढून पाहिली, हकिमाने अडवलं. पुढे १६१७मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीच घातली. बंदीचा परिणाम किती झाला ते पुढच्या दोनशे वर्षांतले हुक्के सांगतात! या हुक्क्यांची पाणी भरायची भांडी घडवण्यात बिदरच्या कारागिरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करायचं, टोकदार अवजाराने नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिचा लेप द्यायचा. जस्त काळंभोर होतं, चांदी मात्र तशीच पांढरी राहते. सुरुवातीची ही भांडी चेंडूसारखी गोल असत. ती लवंडू नयेत म्हणून खाली वेटोळं ठेवावं लागे. अठराव्या शतकात बुडाशी पसरट, घंटेच्या आकाराची भांडी आली.

मग विडी-सिगारेटचे दिवस आले आणि हुक्का मागे पडला. साहेबलोकांनी नळी काढली, भांड्यात फुलं ठेवली, कुणी वर दिव्याची छत्री बसवली. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी काम मांडलं गेल्यावर तिकडे त्याची आवड आणखी वाढली. पुढे कारागीरही सरळ फुलदाण्याच घडवू लागले. आज बिदरी काम टिकून आहे, त्याला २००६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बिदरचे शाह रशीद अहमद कादरी २०२३मध्ये पद्मश्री झाले, यामागे शोभेच्या वस्तू विकत घेणारी गिऱ्हाइकं आहेत. हुक्क्यावर विसंबून राहिले असते तर ही कला कधीच संपली असती. (बिदर आपल्याला परकं नाही, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते.)

तेव्हा उगालदानात फुलं ठेवली म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पानदानाबद्दल. पानदानाच्या जोडीने एक शब्द आपल्या घरांतून नाहीसा झाला. तो शब्द म्हणजे ‘खर्च-ए-पानदान’.

पानदान उघडलं की वरच्या ताटलीत लहान लहान वाट्या असतात. कात, चुना, सुपारी, वेलची, लवंग. कात-चुन्याच्या वाट्यांत चिमुकले चमचे. खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. शेजारी सरोता, म्हणजे आपला अडकित्ता. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे इतके प्रकार आहेत की पानाला धर्म नव्हता हे तिथे उभं राहिलं की पटतं. पाहुणा आला की घरची बाई हा डबा पुढे ओढी. पान कुणाला द्यायचं, किती वेळाने द्यायचं, खासदानात घालून बाहेर मर्दान्यात किती विडे पाठवायचे, हे तीच ठरवी. आणि या डब्याच्या नावाने तिला स्वतःचे पैसे मिळत. खानदानी घरांत लग्न ठरतानाच रक्कम लिहून घेत. ती मेहरपेक्षा वेगळी, घरखर्चापेक्षाही वेगळी. त्यातून तिने पानच आणलं पाहिजे असं नाही, हिशेबही द्यायचा नाही.

उत्तर हिंदुस्थानातल्या एका लग्नाची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८७७मध्ये ख्वाजा मुहम्मद खान यांनी आपल्या मुलाच्या लग्नाआधी मुलीच्या वडिलांशी करार केला. सुनेला, हुसैनी बेगमला, दरमहा ५०० रुपये खर्च-ए-पानदान कायमचा मिळेल आणि त्यासाठी अमुक मिळकत बांधलेली राहील. नवरा-नवरी दोघंही तेव्हा अज्ञान होती. पुढे संसारात बेबनाव झाला, बेगम सासर सोडून गेली. सासऱ्यांनी पैसे थांबवले, तिने दावा लावला. सासऱ्यांचं म्हणणं, करार दोन वडिलांमधला, त्यात ही पक्षकारच नाही. शिवाय ती नवऱ्याकडे नांदत नाही. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९१०मध्ये सय्यद अमीर अलींनी निकाल सांगितला: करार तिच्याच फायद्यासाठी होता, म्हणून ती तो बजावून घेऊ शकते, आणि नांदण्याची अट त्यात लिहिलेलीच नाही. वकिलीच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात. आपल्या किती मुलींना तो माहीत आहे?

दुकानदार पानदान विकताना ‘नवाबी डबा’ म्हणून विकतो. मला हे नाव खटकतं. डबा बेगमचा होता.

दुसरी तक्रार पॉलिशवाल्यांबद्दल आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे सर्वत्र पद्धत होती. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, कधी सन, कधी गाव. लग्नात आलेल्या लगनवर, बधन्यावर, देगचीवर हीच नावं उर्दूतही असत. विकण्याआधी भांडं मशीनवर असं घासतात की आरशासारखं चमकतं, आणि नाव जातं. मी वर्गातल्या मुलांना घरातल्या भांड्यांवरची नावं उतरवून आणायला सांगते. एका मुलीने आणलेल्या कागदावर एकच नाव दोनदा होतं, एकदा उर्दूत आणि खाली मराठीत. बहुधा माहेरी एकदा आणि सासरी एकदा कोरलेलं असावं. पणजीचं पूर्ण नाव तिच्या घरात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा ज्यांना घर सजवायचं आहे त्यांनी जरूर सजवावं. फक्त भांडं पॉलिशला देण्याआधी बूड आणि काठ नीट पाहावा, नाव असेल तर फोटो काढावा आणि तेवढी जागा सोडून घासायला सांगावं. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यात काही वाढायचं असेल तर आधी कल्हई करून घ्यावी, विशेषतः आंबट पदार्थांसाठी. कल्हईवाले कमी झालेत, पण विचारलं की सापडतात. बिदरीचं भांडं मात्र चिंचेने किंवा लिंबाने घासू नका. काळा रंग निघून जातो. थोडं खोबरेल तेल मऊ फडक्यावर घेऊन पुसलं की पुरे.