टेंट कॅम्प टाकताय? तंबूच्या आधी रस्ता, पाणी आणि संडासाचा हिशोब मांडा

पवना, मुळशी, भंडारदरा या धरणांच्या काठची गावं शनिवार आला की शहरातल्या गाड्यांनी भरून जातात. मावळात पवनेच्या काठाला तंबूंच्या रांगाच दिसतात. अकोले तालुक्यात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला गर्दी लोटते. हे बघून अनेक शेतकऱ्यांच्या मनात येतं, आपलंही माळाचं एक एकर पडून आहे, दहा-बारा तंबू टाकले तर काय बिघडलं? तंबू दिसायला स्वस्त असतो आणि फसगत तिथंच होते. कॅम्पचा खरा पैसा तंबूत जात नाही. तो जमिनीत, पाण्यात आणि संडासात जातो.

पहिला खर्च कागदाचा

जेसीबी बोलवायच्या आधी सातबारा बघावा. भावकीची नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. धंदा चालू झाल्यावर हिस्सा मागायला येणारे कमी नसतात. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय पुढं जाता येत नाही. धरणाकाठी आणखी एक घोळ असतो. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन ही बहुतेक ठिकाणी संपादित झालेली, म्हणजे सरकारी असते. तिथं तंबू लावला तर ते अतिक्रमण धरलं जातं आणि केलेला खर्च बुडतो. वनहद्द किंवा अभयारण्य जवळ असेल तर वन विभागाकडेही विचारून घ्यावं. भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हे तिकडच्या लोकांना माहीतच आहे.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्यात किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. फी २,५०० रुपये आहे. दोरीवरचे खेळ, बोट असलं काही ठेवायचं असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली वेगळी नोंदणी लागते. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यावसायिकाला ती वर्षाला १०० रुपयांत मिळते.

रस्ता आणि मुरूम

शहरातली गाडी खाली लागली की पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. समजा डांबरी सडकेपासून कॅम्पपर्यंत ३०० फूट वाट आहे. ती १० फूट रुंद आणि अर्धा फूट जाड करायची तर १,५०० घनफूट म्हणजे १५ ब्रास मुरूम लागतो. रोलर फिरला की मुरूम बसतो, म्हणून १९-२० ब्रास धरावा. काळ्या रानात तंबू थेट मातीवर लावला तर एका वळवाच्या सरीत चिखल आत येतो. प्रत्येक तंबूखाली १२ बाय १२ फुटांचा, अर्धा फूट उंच ओटा केला तर एका ओट्याला पाऊण ब्रासला थोडा कमी मुरूम जातो. १२ तंबूंचे झाले साधारण ९ ब्रास, दाबून ११. म्हणजे नुसता मुरूमच ३० ब्रासच्या पुढं गेला. रॉयल्टीची पावती मागून घ्यावी, नाहीतर महसूलचं पथक ट्रॅक्टर अडवतं.

पाणी, संडास, वीज

२४ पाहुणे आणि ६ कामाची माणसं धरली, माणशी १०० लिटर, तर एका रात्रीला ३,००० लिटर पाणी लागतं. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री भरल्या तर ६,०००. पाच-पाच हजारांच्या दोन टाक्या हव्यातच. विहीर एप्रिलमध्ये तळ गाठत असेल तर टँकरचा खर्च बजेटमध्ये वेगळा लिहावा. गावाला पाणी नाही आणि कॅम्पवर अंघोळी चालल्यात, असं झालं तर भांडणं ठरलेली.

सगळ्यात जास्त तक्रारी संडासाच्या असतात. २४ माणसांना किमान तीन संडास आणि दोन न्हाण्या लागतात. बायकांचे वेगळे, आत दिवा, कडी आणि बादली. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ६० फूट लांब आणि उताराच्या बाजूला घ्यावा. इथं पैसे वाचवायला गेलं तर स्वतःच्याच विहिरीत घाण उतरते. डिसेंबर-जानेवारीत गरम पाणी नसेल तर पाहुणा सकाळीच कुरकुरतो. गिझरपेक्षा लाकडाचा बंब परवडतो.

शेतीपंपाच्या मीटरवरून कॅम्पचे दिवे लावू नयेत. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. वेगळं कनेक्शन घ्यावं. खांब किती टाकावे लागतील ते महावितरणच्या माणसाकडून आधीच मोजून घ्यावं, कारण खर्च खांबावर ठरतो.

तंबू शेवटी

डोम तंबू उन्हानं विरतो, एक-दोन हंगामात बदलावा लागतो. लोखंडी सांगाड्याचा स्विस टेंट टिकतो पण महाग पडतो. गाद्या, रजया, चादरींचा खर्च लोक विसरतात. पावसाळ्यात हे सगळं ठेवायला उंदीर न शिरणारी कोरडी खोली लागते, ती बांधायचा खर्चही धरावा.

धोक्याच्या गोष्टींवर काटकसर नको. पवना धरणात पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार घडल्यात. पाणी जवळ असेल तर काठाला दोरी किंवा तारेचं कुंपण, लाइफ जॅकेट, फलक आणि रात्रीचा राखणदार हे बजेटमध्येच धरावं. अग्निशामक सिलिंडर आणि विमाही धरावा. कोळशाची शेगडी बंद तंबूत नेऊ द्यायची नाही, धुरानं झोपेतच माणूस दगावतो.

कॅरव्हॅनसाठी राज्याने २०२१ मध्ये वेगळं धोरण आणलं. पण आपल्याकडे अशा गाड्या अजून फार दिसत नाहीत. सध्या एक सपाट, पक्की मुरमाची जागा, १५ अँपिअरचा प्लग आणि घाण पाणी सोडायला खड्डा, एवढी सोय ठेवली तरी पुरे. पूर्ण पार्क बांधण्याची घाई करू नये.

कर्ज किती पेलतं?

आता खरी गोम. वर्षात ५२ शनिवार. जून ते सप्टेंबर असे पावसाचे १७ वजा केले तर उरले ३५. परीक्षा आणि कडक ऊन यात आणखी पाच जातात. राहिले ३०. रस्ता, पाणी, तंबू सगळं या ३० शनिवारांवर फेडायचंय.

उदाहरणादाखल, माणशी १,००० रुपये दर धरू. जेवण, नाश्ता, धुलाई, मदतनीस आणि अ‍ॅपचं कमिशन असे ४५० गेले तर हातात ५५०. दर शनिवारी सरासरी १६ माणसं आली तर ८,८०० रुपये. ३० शनिवारांचे २ लाख ६४ हजार. बँकेचं १० लाख कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता २१,७४२ म्हणजे वर्षाला २ लाख ६० हजार ९०४ रुपये. वर्षभर राबून उरतात ३,०९६. त्यात राखणदाराचा पगार नाही, फाटलेल्या तंबूची भरपाई नाही. पावसाळ्यात कमाई शून्य, हप्ता मात्र चालूच. आणि बोजा सातबाऱ्यावर.

हेच कर्ज ५ लाख असेल तर वर्षाचा हप्ता १ लाख ३० हजार ४५२ होतो आणि १ लाख ३३ हजारांच्या वर शिल्लक राहते. त्यात राखणदार निघतो. म्हणून बरेच जण काम दोन टप्प्यांत करतात. पहिल्या वर्षी वाट, टाकी, संडास पूर्ण क्षमतेचे आणि तंबू पाच-सहाच. गर्दी टिकली तर दुसऱ्या ऑक्टोबरला उरलेले ओटे भरायचे.

ठेकेदाराचा आकडा आला की त्यावर रुपयामागे १५ पैसे जादा धरावेत. खोदताना कातळ लागला की हा जादा पैसा तिथंच जातो. जागेचे, पाण्याचे, खांबांचे आकडे वहीत लिहून झाल्यावर मगच बँकेत जावं. नोंदणीचा अर्ज आपल्या विभागातल्या पर्यटन संचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयात करता येतो. जाताना सातबारा, आठ-अ आणि आधार सोबत ठेवावं.