जांभळे प्रकाशसंश्लेषी जिवाणू: नाव एक, काम वेगळे
पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून तुम्ही पीएसबी आणता, ते स्फुरद विरघळवणारे जिवाणू. दुकानात मात्र लालसर द्रावणाच्या काही बाटल्यांवरही पीएसबी लिहिलेले असते. ते प्रकाशसंश्लेषी जिवाणू. स्फुरदासाठी ते घेऊ नका. ऱ्होडोस्युडोमोनास पॅलुस्ट्रिस हा त्यातला परिचित. तो तळ्याच्या गाळात राहतो, उजेडावर वाढतो, पण झाडासारखा ऑक्सिजन सोडत नाही. हवेतला नत्र स्थिर करतो, तोही ऑक्सिजन नसेल तिथेच. म्हणून मावळ-मुळशीच्या पाणी साचलेल्या भातखाचरात त्याला वाव आहे. कोरडवाहू ज्वारीत त्याच्याकडून नत्राची आशा धरू नका. कोळंबी तळ्यात तो सेंद्रिय घाण कमी करतो. खरेदीवेळी रंगावर जाऊ नका, लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव व अंतिम मुदत पाहा. बोर्डो मिश्रण किंवा इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळू नका, जिवाणू मरतात.