डब्याचा दुसरा जन्म

झाशीहून भोपाळकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बबीनाला पोहोचते. लष्करी छावणी व तोफांच्या सरावाचे माळरान यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या इतिहासात त्याचे नाव सहसा निघत नाही. परंतु ज्या लोहमार्गावर ते वसले आहे, त्याच्या दोन्ही टोकांना एका अबोल विद्येची उपासना चालत आली आहे. ती विद्या म्हणजे दुरुस्तीची.

१८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात निघाले, ते पायी. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतर तीसएक वर्षांतच इंडियन मिडलंड रेल्वेचे रूळ त्या उद्ध्वस्त नगरीला भोपाळशी जोडून गेले. १८९५ साली झाशीला मालडब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. १९८९ साली भोपाळच्या निशातपुऱ्यात प्रवासी डब्यांच्या नूतनीकरणाचा.

हे नूतनीकरण म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस धर्तीवर बनू लागलेल्या पोलादी डब्याचे आयुष्य साधारणतः २५ वर्षांचे धरले जाई. परंतु गंज त्याला आधीच गाठतो, आणि तोही नजरेआड: शौचालयाच्या तळाशी, दारांच्या उंबरठ्यापाशी, जमिनीखालच्या पत्र्यात, जेथे जेथे पाणी मुरते तेथे. म्हणून निम्मे आयुष्य सरले की डबा कारखान्यात येतो. चाकांचे सांगाडे वेगळे होतात, बाके व तक्तपोशी उतरते, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, विजेच्या तारा नव्याने ओढल्या जातात. डिझेलवर चालणाऱ्या बहुघटक गाड्यांत तर एंजिनही गाडीच्याच अंगात असते. तेथे त्याचीही उस्तवार करावी लागते. पंचवीस वर्षे भरल्यावरही कित्येक डबे मोडीत निघाले नाहीत. त्यांच्या खिडक्या बंद करून त्यांतून मोटारगाड्या वाहून नेल्या गेल्या.

२०१८ साली पेरांबूरला या जुन्या धाटणीच्या डब्यांची निर्मिती थांबली. त्यांची जागा घेणारे जर्मन धर्तीचे डबे न गंजणाऱ्या पोलादाचे आहेत. प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल इष्टच होय. मात्र गंजाशी झुंजणाऱ्या हातांचे कसब त्यामुळे हळूहळू निरुपयोगी ठरेल. पहिली गाडी कोणत्या दिवशी धावली, याची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. ती गाडी पुढे वर्षानुवर्षे ज्यांनी धावती ठेवली, त्यांच्या श्रमाचीही नोंद व्हावयास हवी. कारण बबीनासारख्या लहान स्टेशनावर उतरणाऱ्या सामान्य प्रवाशाचा प्रवास त्याच श्रमावर सुखरूप पार पडत आला आहे.