छापील पानावरील झिलई : गरजेकडून खुणेकडे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादा सचित्र चरित्रग्रंथ उघडला असता त्यात बहुधा एक विसंगती नजरेस पडते. मजकुराचा कागद भरड पोताचा व निस्तेज. चित्राचा कागद मात्र वजनदार, तुकतुकीत, स्वतंत्रपणे डकवलेला आणि पुष्कळदा पृष्ठांकाविना. मराठी ग्रंथांतही ऑफसेट मुद्रण रूढ होईपर्यंत चरित्रनायकाचे छायाचित्र अशाच ‘आर्ट पेपर’वर येत असे. वाचकांनी या झिलईला ग्रंथाचा अलंकार मानले. वस्तुतः ती अलंकार म्हणून आलेली नव्हती. मुद्रकाला हवा होता तो सपाटपणा. झिलई त्याच्या मागोमाग न बोलावता आली.

या घटनेचा आरंभ छापील छायाचित्राच्याही आधी, लाकडी ठशांपासून होतो. न्यूयॉर्कचे मुद्रक थिओडोर लो डी व्हिन यांच्याकडे ‘सेंच्युरी’ मासिकाची छपाई होती. टिमथी कोल यांच्यासारखे कोरक बॉक्सवुड या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर इतके बारीक काम करू लागले होते की, ओलावून नरम केलेल्या कागदावर छापण्याच्या जुन्या पद्धतीने त्यांच्या रेषांमधील फटी शाईने बुजून जात. डी व्हिन यांनी कोरडा, गुळगुळीत कागद आणि त्यामागे कठीण अस्तर असा उलट मार्ग धरला. १८८१ च्या सुमारास मेन राज्यातील एस. डी. वॉरन यांच्या गिरणीचा लेपयुक्त कागद ‘सेंच्युरी’साठी वापरात आला. अशा कागदाचा लेप म्हणजे मुख्यतः चिनी माती आणि तिला धरून ठेवणारे केसीनसारखे चिकट द्रव्य. लेपाने तंतूंमधील खळगे भरून निघतात आणि रुळांच्या दाबाने वरचा थर समतल होतो. समतल पृष्ठावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठावरून तो चहूकडे विखुरतो. चकाकी आणि तिचा अभाव यांतील भेद मुळात एवढाच आहे. (हस्तलिखितांचा कागद खळ लावून घोटीत असत, तोही बोरू अडखळू नये म्हणून; तुकतुकी तेथेही आनुषंगिकच.)

हाफटोन पद्धतीने ही गरज अपरिहार्य केली. म्यूनिकचे गेओर्ग माइझेनबाख व अमेरिकेतील फ्रेडरिक आइव्ह्ज यांचे १८८० नंतरचे प्रयत्न आणि पुढील दशकात लेव्ही बंधूंनी सिद्ध केलेली काचेवरील जाळी यांमुळे छायाचित्राचे लहानमोठ्या बिंदूंत विघटन करून ते धातूच्या ठोकळ्यावर उतरवणे व्यापारी दृष्ट्या सुलभ झाले. वर्तमानपत्री कागदाला इंचास ६० ते ८५ ओळींची जाळी पुरे. आर्ट पेपरवर १३३ ते १७५ ओळींची चाले. १५० ओळींच्या जाळीत शेजारच्या दोन बिंदूंच्या मध्यांतील अंतर जेमतेम एक षष्ठांश मिलिमीटर भरते. भरड कागदाचे उंचवटे तेवढे ठोकळ्याला टेकत आणि खळग्यांवरचे बिंदू तुटत. शिवाय चकचकीत पृष्ठावर विखुरलेला पांढरा प्रकाश शाईत मिसळत नसल्याने काळा रंग अधिक गडद दिसतो. चित्राला झिलई हवी ती अशी. उलट दीर्घ वाचनाला तीच जाचक होते, कारण दिव्याचे प्रतिबिंब अक्षरांवर तरळत राहते. वेगळ्या कागदावरची ती चित्रपृष्ठे म्हणजे या दोन विरुद्ध गरजांमधील तडजोड होय. ज्या मासिकांना चित्रे मजकुरातच हवी होती, त्यांनी मजकूरही तुकतुकीत कागदावर नेला आणि त्याचा भार वाचकाच्या डोळ्यांवर टाकला.

विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट मुद्रणालयाकडे (१८९१–१८९८) या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांचा हातकागदाचा आग्रह केवळ मध्ययुगाच्या ओढीतून आला असे समजणे अपुरे आहे. १८९६ च्या चॉसर ग्रंथात बर्न-जोन्स यांची ८७ चित्रे आहेत. ती सर्व लाकडावर कोरलेली रेषाचित्रे असून त्यांत छायाचित्रासारख्या सलग छटा नाहीत. मॉरिस यांनी झिलई टाळली ती छटा टाळून. ही किंमत लहान नव्हे. या मार्गाने वैद्यकाचा किंवा पुरातत्त्वाचा छायाचित्रयुक्त ग्रंथ निघणे शक्य नव्हते, हे मॉरिस यांचे चाहते सहसा विसरतात.

न्यू जर्सीतील आयरा रुबेल यांनी १९०४ च्या सुमारास कागदावरील ऑफसेट मुद्रण व्यवहारात आणले, तेव्हा ही कोंडी फुटण्याची वाट मोकळी झाली. ऑफसेटमध्ये शाई आधी रबरावर व तेथून कागदावर उतरते आणि लवचिक रबर खळग्यांपर्यंत पोहोचते. बारीक बिंदू आता भरड कागदावरही उमटू लागले. तर्कतः येथून झिलईने माघार घ्यावयास हवी होती. ती घेतली नाही. मधल्या काळात तुकतुकीत पान हे खर्चाचे व महत्त्वाचे चिन्ह बनले होते. मराठीत एका व्यक्तीसाठी अनेकवचन योजताना संख्येचा अर्थ उरत नाही, मान तेवढा उरतो. झिलईचेही काहीसे तसेच झाले.

परंतु चिन्ह भेदावर जगते. सर्वच पृष्ठे चकाकू लागली म्हणजे चकाकी काही सांगेनाशी होते. एकाच पृष्ठावर चकचकीत व निस्तेज भाग शेजारी आणण्याचे तंत्र या टप्प्यावर महत्त्व पावते. शोषक कागदावर ठराविक जागी दिलेले वार्निश आत मुरते व फरक उमटत नाही; त्यासाठी पृष्ठभाग आधी बंद करावा लागतो. म्हणून आज पुष्कळ मराठी पुस्तकांच्या वेष्टनावर प्रथम मॅट लॅमिनेशन करून त्यावर शीर्षकापुरते अतिनील प्रकाशात घट्ट होणारे वार्निश देतात. छापखान्यात याला ‘स्पॉट यूव्ही’ म्हणतात. दुसऱ्या एका पद्धतीत निस्तेज ठेवावयाच्या जागी विशिष्ट वार्निश छापून संपूर्ण पृष्ठावर चकचकीत लेप फिरवतात. त्या वार्निशवर लेप सपाट न पसरता सूक्ष्म थेंबांत गोळा होतो व तेवढाच भाग मंद दिसतो. चकाकीसाठी मराठीत झिलई, तकाकी, तुकतुकी असे अनेक शब्द आहेत. तिच्या अभावाला मात्र छापखान्यात ‘मॅट’ हाच शब्द रुळला. जोवर चकाकी हीच नोंद घेण्याजोगी गोष्ट होती, तोवर तिच्या अभावाला नाव देण्याची निकड भासली नसावी.

जुन्या चित्रपृष्ठांचा प्रश्न मात्र आता ग्रंथालयांपुढे उभा आहे. पाणी लागल्यास लेपातील चिकट द्रव्य नरम होते आणि वाळताना समोरासमोरची तुकतुकीत पाने एकमेकांस कायमची चिकटतात. मजकुराचा भरड कागद भिजूनही बहुधा वाचवता येतो. आर्ट पेपरची पाने वाळण्यापूर्वी, काही तासांच्या आत गोठवली, तरच पुढे ती निर्वातात सुकवून सोडवण्याची शक्यता राहते. दुर्मिळ छायाचित्रे नेमकी याच पानांवर आहेत.